पेट्रोलच्या टाकीचं झाकण: कुठल्या गाडीत कसं उघडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. बोलताना आपण दोन्हींना 'टाकीचं झाकण'च म्हणतो, पण इथे घोळ नको म्हणून बाहेरच्या पत्र्याच्या पाकळीला 'झाकण' आणि आतल्या फिरवून काढायच्या गोष्टीला 'बूच' म्हटलं आहे. बहुतेक तक्रारी झाकणाच्या असतात, पण लोक राग काढतात बुचावर.

झाकण उघडायच्या पद्धती तरी किती आहेत?

रस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या तर मुख्य चार. किल्ली लावून बूच उघडायचं, ही सगळ्यात जुनी. मारुती ओम्नी, महिंद्रा बोलेरो अशा गाड्या चालवलेल्यांना ती पाठ आहे: इंजिन बंद, किल्ली काढा, खिडकीतून पंपवाल्याच्या हातात द्या. दुसरी, सीटजवळचा लिव्हर ओढायचा. मारुती, होंडा, टोयोटा, ह्युंदाईच्या कितीतरी गाड्यांत वर्षानुवर्षं हीच चालत आली. तिसरी, झाकण बाहेरूनच बोटाने दाबायचं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांमुळे ती आपल्याकडे परिचयाची झाली, आता इतरांकडेही दिसते. चौथी, डॅशबोर्डवर किंवा दारावर बटण.

गाडी नवीन असो की मागून आणलेली, एवढंच विचारायचं की झाकण कुणाचं ऐकतं: किल्लीचं, तारेचं, सेंट्रल लॉकचं की बटणाचं? ते कळलं की अडलेलं झाकण कुठे अडलं असेल, हेही निम्मं कळतं.

लिव्हर सापडतच नाही. कुठे असतो?

चालकाच्या सीटच्या उजवीकडे, सीट आणि दार यांच्या फटीत, खाली कार्पेटला लागून. दार बंद असताना तिथे हात जेमतेम जातो, म्हणून पहिल्यांदा शोधताना दार उघडाच. काही गाड्यांत तो डॅशबोर्डखाली उजव्या गुडघ्यापाशी, बोनेटच्या लिव्हरच्या शेजारी असतो. त्यावर पंपाचं छोटं चित्र असतं.

सेडानमध्ये बऱ्याचदा दोन लिव्हर जोडीने असतात, एक टाकीचा, एक डिकीचा. पंपावर डिकी टुणकन उघडलेली गाडी दिसली की ओळखायचं, चालक नवा आहे किंवा गाडी मित्राची आहे.

लिव्हर ओढला, 'खट्' आवाज आला, पण झाकण उघडलंच नाही. काय झालं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

लिव्हरपासून झाकणापर्यंत एक तार जाते, सायकलच्या ब्रेकला असते त्याच जातीची. लिव्हर उजवीकडे पुढे आणि झाकण बहुधा डावीकडे मागे, म्हणजे ही तार अख्ख्या गाडीची तिरपी वाट कापते. त्या टोकाला एक छोटी कडी. तार ओढली की कडी मागे सरते आणि झाकण मोकळं होतं. मोकळं झालेलं झाकण बाहेर ढकलायचं काम मात्र तारेचं नाही. ते करते एक पातळ स्प्रिंगची पट्टी किंवा रबरी टोकाचा दट्ट्या. सात-आठ वर्षांच्या गाडीत ही पट्टी बसलेली असते, वाकलेली असते किंवा गळून पडलेली असते. कडी सुटते, आवाज येतो, झाकण जागचं हलत नाही, आणि लिव्हर सोडताच कडी पुन्हा अडकते.

पंपावरचा उपाय दोन माणसांचा आहे. एकाने लिव्हर ओढून धरायचा, नुसता ओढून सोडायचा नाही. दुसऱ्याने त्याच वेळी झाकणाच्या कडेला नख घालून ते उचलायचं. पट्टी कमजोर असेल तर झाकण लगेच येतं. नाहीच आलं तर लिव्हर धरलेला असताना झाकणावर तळहाताने हलकेच थोपटा. धुळीने कडी चिकटली असेल तर ती सुटते.

लिव्हर ओढताना हाताला काहीच ताण लागत नसेल, तो लुळा पडला असेल, तर गोष्ट वेगळी. तार तुटली आहे किंवा टोकाची गाठ खाचेतून निसटली आहे. मग जोर लावून उपयोग नाही. डिकीत, झाकण ज्या बाजूला आहे त्या बाजूचं आतलं अस्तर थोडं सैल केलं की बऱ्याच गाड्यांत कडी हाताने मागे ओढता येते. कुठलाही गॅरेजवाला हे काम जाणतो.

एक विनंती: पंपवाल्याला स्क्रू ड्रायव्हर, नाणं किंवा किल्लीचं टोक घालून झाकण उचकटू देऊ नका. त्याच्या मागे गाड्यांची रांग असते, तो घाईत असतो, आणि रंगाचा टवका तुमच्या गाडीचा उडतो. जुन्या गाड्यांच्या झाकणाची मागची कड बघा, तिथे अशा टवक्यांचा इतिहास लिहिलेला असतो.

माझ्या गाडीत लिव्हरच नाही. कंपनी बसवायला विसरली का?

नाही. तुमचं झाकण दाबायचं आहे. बिजागरीच्या विरुद्ध कडेला मधोमध बोटाने दाबा, ते बाहेर येतं. बंद करताना पुन्हा तिथेच दाबा. आतला खटका बॉलपेनासारखा: एकदा दाबलं की बाहेर, पुन्हा दाबलं की आत.

या झाकणाला वेगळं कुलूप नसतं. दारं लॉक झाली की एक छोटी मोटर प्लॅस्टिकची पिन पुढे सरकवते आणि ती झाकणाला अडवते. दारं अनलॉक, पिन मागे. तारेची भानगड नाही, चालकाला वाकायला नको. माझ्या मते ही पद्धत लिव्हरपेक्षा बरी, फक्त शोरूममधून गाडी देताना कुणीतरी दोन वाक्यांत समजावून सांगायला हवी.

दाबतोय, पण उघडत नाही.

बहुतेक वेळा दारं लॉक असतात. गाडी वेगात आली की दारं आपोआप लॉक होतात, ही सोय आता सर्रास आहे. तुम्ही पंपावर थांबता, काच खाली करता, 'हजारचं टाका' म्हणता आणि आतच बसून राहता. दारं अजून लॉकच असतात. पंपवाला झाकण दाबतो, मग जोरात दाबतो, मग बुक्की मारतो. दारावरचं अनलॉकचं बटण दाबा की विषय संपला. काही मॉडेल्समध्ये झाकण फक्त रिमोटच्या लॉकचं ऐकतं, आतल्या बटणाचं नाही; तिथे रिमोटवरून एकदा अनलॉक करून बघा.

अनलॉक करूनही अडलं असेल तर पिन अडकलेली असू शकते. एकाने झाकण आत दाबून धरायचं, म्हणजे पिनेवरचा भार जातो, आणि दुसऱ्याने रिमोटने दोन-तीनदा लॉक-अनलॉक करायचं. झाकणाजवळ कान नेला तर मोटरची 'झुर्र' ऐकू येते. आवाज आहे पण पिन हलत नाही, तर धूळ किंवा चिखल. आवाजच नाही, तर फ्यूज, वायर किंवा मोटर.

पेट्रोल संपत आलंय आणि झाकण काही केल्या उघडत नाही. गॅरेजपर्यंत जायलाही इंधन नाही!

घाबरू नका. वीजेवर चालणाऱ्या अनेक झाकणांना हाताने उघडायची सोय दिलेली असते. डिकीत, झाकणाच्या बाजूच्या अस्तरामागे एक दोरी किंवा प्लॅस्टिकची कडी असते. काही गाड्यांत तिच्यासाठी अस्तराला छोटी खिडकीही ठेवलेली असते. ती हळू, सरळ ओढा. झटका दिला की दोरी हातात येते आणि झाकण तिथेच राहतं. तुमच्या गाडीत ती आहे का, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेल्या अवस्थेत सापडेल.

झाकण डाव्या बाजूला की उजव्या, हे बसल्या जागी कसं ओळखायचं?

फ्युएल गेजवर पंपाच्या चित्राशेजारी छोटा त्रिकोण किंवा बाण असतो. तो जिकडे, झाकण तिकडे.

या बाणामागे एक माणूस आहे. फोर्ड कंपनीतले अभियंते जिम मॉयलन १९८६ मध्ये कंपनीची गाडी घेऊन निघाले होते. बाहेर पाऊस, टाकी रिकामी, आणि पंपावर गाडी लावली ती नेमकी चुकीच्या बाजूने. भिजून परत आल्यावर त्यांनी तिथल्या तिथे टिपण लिहून सुचवलं की गेजवर बाजू दाखवणारी खूण द्या. १९८९ च्या फोर्ड एस्कॉर्टसारख्या गाड्यांमध्ये ती आली आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनीही उचलली.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी दुसरी युक्ती, म्हणजे 'पंपाच्या चित्रातली नळी ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला', ही मात्र भरवशाची नाही. बाण नसलेल्या जुन्या गाडीत सरळ आरशात डोकावा.

सगळ्या कंपन्या एकाच बाजूला का देत नाहीत?

टाकी, सायलेन्सरचा पाइप, स्पेअर चाक या सगळ्यांना जागा करून द्यावी लागते आणि गरम पाइपापासून टाकीची मान लांब ठेवावी लागते. शिवाय मूळ देशाची सवय. जर्मनीत वाहनं उजवीकडून चालतात, जर्मन गाड्यांचं झाकण साधारण उजवीकडे. जपानमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालतात, जपानी गाड्यांचं झाकण बहुधा डावीकडे. दोन्हीकडे ते फुटपाथच्या बाजूला येतं. वाटेत पेट्रोल संपलं आणि कॅनमधून ओतायची वेळ आली तर माणूस रहदारीत उभा राहू नये, हा त्याचा फायदा. म्हणूनच आपल्याकडे स्विफ्ट, सिटी, इनोव्हा डावीकडून भरतात आणि पोलो उजवीकडून.

जुन्या जॅग्वार एक्सजे गाडीला दोन टाक्या होत्या आणि दोन्ही बाजूंना झाकणं. प्रश्नच मिटला, पंपवाल्याचा सोडून.

झाकण नेहमी मागच्या चाकाच्या वरच असतं का?

आता जवळपास नेहमी. पूर्वी नाही. १९५६ च्या शेव्हरोले बेल एअरमध्ये ते डाव्या टेललाइटच्या मागे दडवलेलं होतं. दिवा बाजूला केला की तोंड दिसायचं. नंतर कित्येक अमेरिकन गाड्यांत मागची नंबर प्लेट खाली पाडली की मागे बूच, म्हणजे पंपाच्या कुठल्याही बाजूला गाडी लावा. सोय उत्तम, पण मागून धडक बसली तर पहिला मार तिथेच. ती पद्धत मागे पडली.

लांब कशाला जायचं, टाटा नॅनो आठवा. इंजिन मागे, टाकी पुढे, आणि पेट्रोल भरायचं तर पुढचं बोनेट उघडायचं. २००९ साली गाडी आली तेव्हा टाकी १५ लिटरची होती, म्हणजे पंपाच्या फेऱ्या जास्त आणि प्रत्येक फेरीला बोनेट वर. अनोळखी पंपवाला नोझल घेऊन मागे जायचा आणि मालक पुढून हाका मारायचा. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्येही हीच तऱ्हा होती. १९६८ च्या मॉडेलपासून तिला पुढच्या उजव्या चाकावर बाहेरून उघडणारं झाकण मिळालं.

बूच उघडताना 'फुस्स' आवाज येतो. टाकी फुटेल का?

नाही. उन्हात पेट्रोलची वाफ होते आणि टाकीत थोडा दाब साठतो, तो सुटतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हा आवाज ऐकला नाही तरच नवल. बूच एका झटक्यात न काढता अर्धा फेरा फिरवा, आवाज थांबू द्या, मग काढा. आवाज फारच जोराचा आणि दर वेळी येत असेल तर टाकीच्या वाफेची वाट तुंबली असेल, दाखवून घ्या.

लावताना 'कटकट' आवाज येईपर्यंत फिरवा. त्या आवाजापुढे कितीही पिळलं तरी बूच जास्त घट्ट होत नाही, तशीच त्याची रचना असते.

ऑटो कट झाल्यावर 'राउंड फिगर' करून घ्यावी का?

नको. नोझलच्या टोकाशी बारीक भोक असतं. पेट्रोल चढून ते बुजलं की आतला हवेचा प्रवाह थांबतो, पडदा खेचला जातो आणि नोझल बंद पडतो. म्हणजे पेट्रोल मानेपर्यंत आलं. त्यावर आणखी दाबून भरलं की ते वाफेसाठी ठेवलेल्या जागेत घुसतं आणि वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत पोचू शकतं. तो डबा वाफेसाठी असतो, द्रव पेट्रोलसाठी नाही. सतरा रुपये सुटे नाहीत म्हणून एवढा खटाटोप करायची गरज नाही, यूपीआय आहे.

बूच पंपावरच राहिलं. आता?

पंपवाला ते गाडीच्या टपावर किंवा मशीनवर ठेवतो, पैसे देण्याच्या गडबडीत दोघंही विसरतात. नव्या गाड्यांत बुचाला रबरी दोरी असते. शिवाय पुष्कळ झाकणांच्या आतल्या बाजूला एक आकडा असतो, तो बूच अडकवण्यासाठीच. पंपवाल्याला तो दाखवून द्या.

हरवलंच तर त्याच दिवशी त्याच मॉडेलचं बूच घ्या. तोवर झाकण नीट लावा. फडकं कोंबायची पद्धत दिसते, ती टाळा: फडकं पेट्रोल पितं आणि त्याचा भिजलेला गोळा उघड्या तोंडाशी राहतो. पावसाळ्यात तर अजिबात चालढकल नको. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं.

झाकण उघडलं तर आत बूचच नाही. चोरीला गेलं?

असं डिझाइनही असतं. फोर्डने २००८ च्या सुमारास बूच नसलेली मान आणली. आत स्प्रिंगची झडप असते, नोझल तिला ढकलून आत जातो, काढला की झडप मिटते. चुकीच्या मापाचा नोझल घातला तर ती उघडत नाही.

नोझलच्या मापामुळे चुकीचं इंधन भरणं टळतं ना?

अर्धवट. अनेक देशांत डिझेलच्या नोझलचं टोक पेट्रोलच्या नोझलपेक्षा जाड असतं, त्यामुळे ते पेट्रोल गाडीच्या अरुंद मानेत शिरत नाही. उलट मात्र सहज होतं: पेट्रोलचा नोझल डिझेल गाडीत खुशाल जातो. मापावर विसंबू नका, झाकणावरचं स्टिकर दाखवा आणि तोंडाने सांगा. चुकीचं भरलं गेलंच तर किल्ली फिरवूही नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

डिझेल गाडीत झाकणाखाली निळं बूच दिसतं, ते कशाचं?

डीईएफचं, म्हणजे युरिया आणि शुद्ध पाणी यांच्या द्रावणाचं. एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन यांच्या डिझेल गाड्यांना ते लागतं. हे द्रावण सायलेन्सरच्या वाटेवर धुरात फवारलं जातं, इंजिनात जात नाही. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर खर्च मोठा. निळ्यात निळंच.

सीएनजी गाडी अचानक सुरूच होत नाही. बॅटरी तर ठीक आहे.

आधी झाकण बघा! कंपनीतून बसवून आलेल्या सीएनजी गाड्यांत, उदाहरणार्थ मारुतीच्या आणि टाटाच्या, झाकणापाशी छोटा स्विच असतो. गॅस भरताना कुणी गाडी सुरू करून पाइप लावलेला असतानाच निघू नये म्हणून झाकण उघडं असेतो इंजिन सुरू होत नाही. झाकण नीट न मिटल्यामुळे टोइंगला फोन केलेले लोक आहेत.

गॅस भरताना दाब २०० बारच्या आसपास असतो, म्हणून सगळ्यांनी गाडीतून उतरायचं. आजी झोपल्या असतील तरी. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते. तिची तारीख असलेली पट्टी पंपवाला मागतो आणि मुदत संपली असेल तर भरायला नकार देतो. बाहेरून किट बसवलेल्या किंवा जुन्या गाड्यांत गॅस भरायचं तोंड बोनेटखाली असू शकतं.

इलेक्ट्रिक गाडीत काय?

जागा ठरलेली नाही. एमजी झेडएस ईव्ही आणि क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये चार्जिंगचं तोंड पुढे, नाकावर. इतर काही गाड्यांत ते जुन्या टाकीच्या जागीच. महत्त्वाचा फरक हा की चार्जिंग चालू असताना गन, म्हणजे चार्जरच्या वायरचं गाडीत खोचायचं टोक, गाडीला लॉक झालेली असते. ती ओढाताण करून काढायची नाही. आधी चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, मग ती सुटते.

गोव्यात किंवा परदेशात भाड्याची गाडी घेतली तर काय विचारून घ्यावं?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी ताब्यात देताना मालक ओरखड्यांचे फोटो अगदी मनापासून काढतो, झाकणाबद्दल अवाक्षर काढत नाही. तिथेच एकदा उघडून बंद करून बघा, इंधन कोणतं ते विचारा.

परदेशात बहुतेक ठिकाणी पेट्रोल स्वतः भरावं लागतं, म्हणजे झाकणाशी झटापट करायला पंपवाला नसतो. अमेरिकेत न्यू जर्सी याला अपवाद. तिथे ग्राहकाने स्वतः भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे. एडिसनला स्थायिक झालेले आपले लोक त्यामुळे पुण्यातल्यासारखेच काच खाली करून बसतात, आणि शेजारच्या राज्यात गेल्यावर गडबडतात. कडाक्याच्या थंडीत झाकण बर्फाने चिकटतं. कडेकडेने थोपटून बर्फ फोडा, गरम पाणी ओतू नका, ते पुन्हा गोठतं.

मागचं सरकतं दार मध्येच अडतंय.

झाकण उघडं असेल. काही मोठ्या गाड्यांत सरकतं दार झाकणावर आपटू नये म्हणून तसा अडसर मुद्दाम दिलेला असतो.

झाकणाची काही देखभाल असते का?

थोडीच. पावसाळ्याच्या आधी बिजागरी आणि कडीवर स्प्रेच्या वंगणाचा एक फवारा. ग्रीस फासू नका, त्यावर धूळ चिकटते. झाकणाच्या आतल्या खोलगट जागेत तळाशी बारीक भोक असतं. पावसाचं पाणी त्यातून खाली निघून जातं. ते चिखलाने बुजलं की बुचाभोवती पाणी साचतं आणि पुढच्या वेळी बूच काढताच टाकीत उतरतं. जुन्या टूथब्रशने तो भाग साफ करून भोकात मऊ वायर घाला, वरून कपभर पाणी सोडा आणि चाकाजवळ ठिबकतंय का बघा. बूच मात्र त्या वेळी घट्ट लावलेलं असू द्या.